गोटीरामची खालची टाकी

सायफन हा विषय मी कनिष्ठ महाविद्यालयात कित्येक वर्षं शिकवते आहे, आणि आजवर एकाही पाण्याने माझ्याशी वाद घातलेला नाही. मुलं चुकतात, पेपर तपासणारे चुकतात, एकदा तर छापील आकृतीतच बाण उलटा होता. पाणी मात्र चुकत नाही. म्हणून आमच्या घरातल्या माशाच्या टाकीला खाली दुसरी टाकी जोडायची असं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं, "प्लंबर नको. हे माझ्या विषयातलं आहे!"

माझा नवरा रोहित एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतो. तो म्हणाला, "तुझ्या विषयातलं आहे म्हणूनच भीती वाटते."

मी दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करणं हेही माझ्याच विषयातलं आहे. घर्षण नगण्य माना, हवेचा विरोध नगण्य माना, नवरा नगण्य माना!

पण टाकी कशासाठी, ते आधी सांगायला हवं. आमच्या हॉलमध्ये गोटीराम नावाचा मासा होता. ऑस्कर जातीचा, मनगटापासून कोपरापर्यंत लांब, अंगावर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे ठिपके आणि डोळे काचेच्या गोट्यांसारखे. सासूबाईंनी आणला तेव्हा कोथिंबिरीच्या पानाएवढा होता. त्यांनी त्याला हाताने दाणे भरवून वाढवला. आणि मग मागच्या वर्षी त्याच गेल्या.

दहाव्या दिवशी गोदाघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना!

वाचकहो, ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना सांगायला नको. सगळे हात जोडून उभे, वर झाडावर कावळे, आणि एकाचंही लक्ष नाही. रोहित म्हणाला, "आई, नानांना अंतर देणार नाही." कावळा ढिम्म. माझी नणंद वैष्णवी म्हणाली, "आई, तुझ्या पाटल्या वहिनीकडेच राहू देत." मी चमकून तिच्याकडे पाहिलं. कावळ्याने तेवढंही केलं नाही. शेजारच्या कुटुंबाने पिंड ठेवला, तर त्यावर चार कावळे एकदम! आमच्या लोकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी वरून वशिला लावला होता.

"वैनी, तुन्हं काय अडकेल शे ते सांग वं!" आत्याबाईंनी झाडाकडे पाहून हंबरडा फोडला. आत्याबाई म्हणजे कुसाबाई, माझ्या सासऱ्यांची सटाण्याची बहीण. त्या कावळ्यांशीही अहिराणीतच बोलतात.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. मी सहसा चारचौघांत बोलत नाही. पण फरशी तापली होती आणि पाय पोळत होते. मी पुटपुटले, "आई, गोटीरामला आम्ही सांभाळू."

कावळा उतरला!

सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. आत्याबाईंनी माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. हा योगायोग आहे, असं मी त्या वेळी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. त्या क्षणापासून गोटीराम मासा राहिला नाही, तो वचन झाला. नातेवाइकांचे फोन आले की पहिला प्रश्न, "गोटीराम कसा आहे?" आमची चौकशी नंतर, वेळ उरली तर.

पण खरी अडचण कावळ्याने नाही, नानांनी केली. नाना म्हणजे माझे सासरे. मनमाडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. सासूबाई गेल्या आणि नानांनी बोलणं थांबवलं. म्हणजे आमच्याशी. आम्हाला 'हं' आणि 'नको' एवढंच मिळे. गोटीरामशी मात्र ते व्यवस्थित बोलत. सकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून त्याला पेपर वाचून दाखवत.

"गोटीराम, येवल्याकडे गारा पडल्या रे."

"गोटीराम, पॅसेंजर पुन्हा रद्द! आमच्या वेळी असं नव्हतं."

गोटीराम काचेला तोंड लावून ऐके. त्याने दाणे खाल्ले की नाना उठून जेवायला बसत. त्याने नाही खाल्ले, तर नानाही नाहीत. डॉक्टरांनी नानांचं वजन पाहून मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "घरात काही चिंता आहे का?"

मी म्हणाले, "मासा आहे."

आता हा मासा जगवायचा, तर त्याला लोकांपासून वाचवायला हवं होतं. येणारा-जाणारा त्याला सासूबाईंच्या नावाने काही ना काही भरवी. सर्वपित्री अमावास्येला तर कोणी तरी टाकीत खीर सोडली! पाण्याला बासुंदीचा रंग आणि गटाराचा वास आला. गोटीरामच्या कपाळावर बारीक खड्डे पडले. त्याने दाण्यांकडे पाठ फिरवली. नानांनी ताटाकडे.

"काही तरी कर," रोहित म्हणाला. "तूच कबूल केलंस ना कावळ्याला!"

मी वाचन केलं. उपाय सापडला. मोठ्या माशाला छोटी गाळणी पुरत नाही. टाकीखालच्या कपाटात दुसरी काचेची टाकी ठेवायची. वरचं जास्तीचं पाणी नळीने आपोआप खाली उतरतं, तिथे स्पंजातून, खड्यांतून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. वरच्या टाकीत मासा असताना काचेला भोक पाडता येत नाही. म्हणून टाकीच्या काठावर आत एक डबा, बाहेर एक डबा आणि दोघांना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी. सायफन! माझा आवडता सायफन!

खालची टाकी काचवाल्याकडून करून घेतली, नळ्या मी स्वतः कापल्या. रोहित स्टुलावर बसून नजर ठेवून होता.

"समजा, लाईट गेली तर?"

"पंप बंद पडेल. वरचं थोडं पाणी खाली येईल."

"आणि खालची टाकी वाहून जाईल!"

"जाणार नाही. म्हणूनच ती मुद्दाम अर्धीच भरायची. वरची अर्धी जागा त्या पाण्यासाठी राखीव."

"राखीव," रोहित म्हणाला. "आणि त्या जागेवर कोणी दुसरंच बसलं तर?"

"पाणी रुमाल टाकून जागा धरत नाही, रोहित."

मी चाचणीही घेतली. घराचा मेन स्विच पाडला. पंप थांबला, पाणी खाली उतरलं, चढत चढत काठाच्या थोडं अलीकडे येऊन शहाण्या मुलासारखं थांबलं. पुन्हा वीज सुरू केली, सगळं पूर्ववत! खालच्या टाकीवर जिथपर्यंत पाणी असायला हवं, तिथे मी लाल चिकटपट्टीची रेघ ओढली. रेघेवर काही लिहिलं नाही. मी विज्ञानशाखेची, आमच्याकडे नुसत्या रेघेलाही मान असतो.

मग मी सगळ्यांत मोठी चूक केली. मी खूश झाले.

कारण सगळं खरोखर सुधारलं! पाणी निवळलं. कपाळावरचे खड्डे भरत आले. गोटीरामने एका सकाळी पाच-सहा दाणे मटकावले आणि नानांनी दोन भाकऱ्या. रोहितने मला नमस्कार केला. मी तो स्वीकारला.

असं चाललं असताना सासूबाईंचं वर्षश्राद्ध आलं. श्राद्ध शनिवारी होतं. आत्याबाई शुक्रवारीच सटाण्याहून एस.टी.ने आल्या. शनिवारी दिवसभर नळाला पाणी येणार नाही, असं महापालिकेने आधीच कळवलं होतं. पाणी उपसायच्या केंद्रावर विजेचं काम होतं. मी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी कॉलेजला जाताना म्हणाले, "आत्याबाई, तेवढं पाणी भरून ठेवाल का?"

हे वाक्य मी पुन्हा कधी कोणाला म्हणणार नाही.

संध्याकाळी परत आले तर आत्याबाई पदर खोचून दारात उभ्या. चेहऱ्यावर गड जिंकल्याचं समाधान. हंडे भरलेले, कळश्या भरलेल्या, पिंप, बादल्या, कुकर, दोन पराती, पुरणाचं पातेलं, फुलदाणी! "समदं भरी ठेवं, पोरी! घरमा एक वाटी बी रिकामी नही!"

"किती छान केलंत!" मी म्हणाले. मी त्यांचं कौतुक केलं. स्वतःच्या तोंडाने!

माशाच्या टाकीखालचं कपाट बंद होतं. ते उघडून पाहावं, असं माझ्या मनातही आलं नाही. पाठ्यपुस्तकातल्या टाकीला आत्या नसतात.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये पाट मांडले. आत्याबाईंचा हट्ट, की विधी गोटीरामच्या समोरच व्हायचा. "वैनीना जीव त्याना मा शे." म्हणून पितरांचं पान थेट टाकीच्या पायथ्याशी वाढलं. भात, वडे, खीर, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. पहिला घास माशाला द्यायचा म्हणून टाकीवरचं काचेचं झाकण काढून ठेवलं. नाना खुर्चीत बसून गोटीरामला हळू आवाजात सांगत होते, "वर्ष झालं रे."

रोहितने उपरणं उजव्या खांद्यावर घेतलं. गुरुजींनी डोळे मिटून मंत्र सुरू केले.

तेवढ्यात पंखा थांबला. खालचा पंप घुर्रर्र करून गप्प झाला. लाईट गेली!

वैष्णवी म्हणाली, "अगं बाई! टाकीचं काय आता?"

"काही नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "थोडं पाणी खाली उतरेल आणि थांबेल."

खाली उतरलं. थांबलं नाही.

कपाटाच्या फटीतून पाण्याची एक पातळ जीभ बाहेर आली. तिने पितरांच्या पानाचा वास घेतला, पानाखाली शिरली आणि गुरुजींच्या पाटाकडे निघाली. गुरुजी तर्पण सांगत होते. त्यांच्या मांडीला गारवा लागला. डोळे न उघडताच ते म्हणाले, "यजमान, एवढं पाणी नको. पळीभर पुरे."

मी कपाट उघडलं. खालची टाकी काठोकाठ भरलेली होती. लाल रेघ पाण्याखाली दिसत होती, बुडालेल्या गावातल्या देवळासारखी!

"आत्याबाई! ही टाकी कोणी भरली?"

"मीच! अर्धीच भरेल व्हती. कोन्ही तरी आळशी मानूस शे घरमा, म्हनीसन मी वरपर्यंत भरी दिन्ही!" आणि मग पायाखाली पाणी पाहून त्यांना वेगळाच साक्षात्कार झाला. "नाना! वैनी उनी! वैनी पानी व्हईसन उनी!"

"आत्या, ती आई नाही, सायफन आहे!" रोहित ओरडला आणि उपरण्याने फरशी पुसू लागला. गुरुजींचे दर्भ तरंगत दाराकडे निघाले. वैष्णवीने गुरुजींना द्यायला आणलेलं नवंकोरं धोतर पाण्यावर अंथरलं. ते पाहून गुरुजी मंत्राच्या मध्येच अडखळले आणि मग पुढचा मंत्र म्हणू लागले. त्यांची तपश्चर्या मोठी होती.

मी कपाटात डोकं घालून टॉवेलने बांध घालत होते. त्याच वेळी माझ्या डोक्यावर रोहितचा विजयी आवाज आला, "बघ, थांबवलं!" पाणी थांबलं होतं, हे खरं. ते तसंही थांबणारच होतं. वरचं जेवढं उतरायचं तेवढं उतरून झालं होतं. त्याने ते कसं थांबवलं, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर पुढची गोष्ट झाली नसती. त्याने काठावरच्या दोन डब्यांना जोडणारी नळी उपसून काढली होती आणि टीपॉयवर वर्तमानपत्रावर व्यवस्थित वाळत ठेवली होती.

इतक्यात दारात रेहाना. खालच्या मजल्यावर राहते, बोलायला फटकळ आणि अडीअडचणीला पहिली हजर.

"भाग्यश्रीताई, आज नळाला पाणी नाही ना?"

"नाही गं."

"मग तुमच्या जिन्यावरून नदी कशी येतेय? मी म्हटलं बघावं तरी, धरण कुणी फोडलं!"

"रेहाना, चुकलं गं आमचं. तुझ्या घरात शिरलं का?"

"शिरायच्या आधी बादली लावली. एक भरली, दुसरी लावलीय. पण माशाचा वास येतो हो! झाडांना घालू का?"

मी पोतेरं घेतलं आणि तिच्याबरोबर जिना पुसायला निघाले. जाताना रोहितला म्हणाले, "पंपाचं बटण बंद कर."

"केलं!" तो म्हणाला. त्याने एक बटण बंद केलंही. ते टाकीतल्या दिव्याचं होतं. लाईट गेलेली असताना सगळीच बटणं सारखी दिसतात.

मी शेवटच्या पायरीवर होते. रेहाना सांगत होती, तिच्या सासूने एकदा असंच पाणी भरताना कपाटातले बूट भरले होते. मी वर्षभरात पहिल्यांदा मोकळी हसले. आणि वरून आनंदाचा गलका ऐकू आला, "लाईट आली!"

पोतेरं माझ्या हातातून पडलं.

वाचकहो, त्या क्षणी मला सगळं दिसलं, फळ्यावर आकृती दिसावी तसं! पंप सुरू झाला, तर काठोकाठ भरलेली खालची टाकी वर जाणार. वरचं पाणी खाली यायला सायफन हवा. आणि मला आत्ता आठवलं, की रोहित 'थांबलं' नाही, 'थांबवलं' म्हणाला होता!

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. दारातून पाहिलं तर वरची टाकी चारी बाजूंनी वाहत होती, एखाद्या पंचतारांकित हॉटेलातल्या कारंज्यासारखी. आत्याबाई हात जोडून "वैनी, शांत व्हय!" करत होत्या. रोहित दिव्याचं बटण लावत होता, काढत होता, लावत होता. आणि टाकीच्या काठाशी, गढूळलेल्या पाण्यात, एवढ्या माणसांच्या आरड्याओरड्याने भेदरलेला गोटीराम गिरक्या घेत होता.

"झाकण!" मी ओरडले. "झाकण ठेवा!"

गोटीरामने उडी मारली.

तो वड्यांवर पडला. तिथून घसरून पितरांच्या पानाच्या मधोमध, खिरीत डोकं आणि भातात शेपटी, असा आडवा झाला. पंप तेवढा चालू होता.

गुरुजींनी डोळे उघडले. पानाकडे पाहिलं. आपल्या ओल्या मांडीकडे पाहिलं. मग अतिशय सौम्यपणे मला म्हणाले, "वहिनी, हे पान शाकाहारी आहे."

"गोटीराम!" नाना किंचाळले. तोवर त्या खुर्चीतून उठायला त्यांना आधार लागे. आता ते एका ढांगेत पानाशी आले, दोन्ही हातांनी मासा उचलला आणि सगळ्यांत जवळचं आणि घरातलं सगळ्यांत पवित्र भांडं म्हणून तांब्याच्या हंड्यात सोडला.

"नाना, हंड्यात नको! ते कालचं नळाचं पाणी आहे, औषधाचं! आणि तांबं त्याला विष आहे!"

"हं," नाना म्हणाले आणि हंडा घट्ट धरून बसले. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मी माझ्या सासऱ्यांना त्याआधी कधी हात लावला नव्हता. मासा काढून वरच्या टाकीत सोडला. पंपाची वायर खेचून काढली.

गोटीराम तळाशी गेला आणि एका अंगावर पडला. कल्ले हलत होते. एक गोटी छताकडे लागली होती.

यानंतर विनोदी असं फारसं काही झालं नाही. पण श्राद्ध अर्धवट टाकता येत नाही आणि पंगत उपाशी पाठवता येत नाही. हॉलमध्ये घोट्याएवढं पाणी. रेहाना म्हणाली, "माझ्या व्हरांड्यात बसा ना सगळे! कोरडं आहे. मी झाडून देते." सगळे गुरुजींकडे पाहू लागले. गुरुजींनी धोतर पिळलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "ओल्यात बसून जेवू नये, एवढं मला नक्की माहीत आहे. चला." ते सगळ्यांत आधी जिना उतरले.

नाना उतरले नाहीत. ओल्या फरशीवर, टाकीला कपाळ टेकून बसले. मी टाकीत हवेची नळी सोडली, मीठ मोजून घातलं, पाणी निवळावं म्हणून जे जे वाचलं होतं ते ते केलं. हात शिस्तीत चालत होते. आत्याबाई दारात उभ्या राहून पदराने नाक पुसत होत्या.

"मीच मारं त्याले," त्या म्हणाल्या. "रिकामं भांडं दिसनं का मी भरस, पोरी. लहानपनपाइन. सटाण्याले उन्हाळामा काय व्हतं, तुले काय माहीत!"

"तुम्ही नाही, आत्याबाई. ती जागा रिकामी का ठेवली, ते मी कोणाला सांगितलंच नव्हतं."

"तू रिकामी ठेवी व्हती? मुद्दाम?" रडता रडता त्या थांबल्या. एवढ्या दुःखातही त्यांना माझी कीव आली. "शिकेल सवरेल बाई तू!"

खालून वाढप्यांचे आवाज येत होते. कढी वाढा, कढी. उन्हं कलली. गोटीरामच्या कल्ल्यांमधलं अंतर वाढत गेलं. नाना त्याला काही तरी सांगत होते; ते मी ऐकायचं नाही असं ठरवलं. मग ते बोलायचे थांबले, आणि मला कळलं.

रेहानाच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली रोहितने खड्डा खणला. वैष्णवीने पाण्यावर अंथरलेल्या त्या धोतराचा तुकडा कामी आला. नाना शेवटपर्यंत ताठ उभे होते. परतताना रोहित माझ्या कानात म्हणाला, "आता नानांचं काय?" त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. हे माझ्या विषयातलं नव्हतं.

संध्याकाळी मी नानांचं ताट वाढलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या. ताटासमोर बसले, पण हात मांडीवर. आत्याबाई, रोहित, वैष्णवी, आम्ही सगळे उभेच. आमच्यापैकी प्रत्येकाला तेच दिसत होतं. आता हे ताट सारणार. उद्याही सारणार. परवाही. आणि डॉक्टर मला पुन्हा बाजूला घेणार, आणि आता सांगायला मासाही नाही.

नानांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

"ती नळी," ते म्हणाले.

आत्याबाईंच्या हातातला झारा पडला. वर्षभरात नाना आमच्यापैकी कोणाशी एवढे बोलले नव्हते.

"कोणती नळी, नाना?"

"ती वाकडी. पाणी तिच्यात वर चढतं. पंप नसताना. ते कसं?"

मी खाली बसले. दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून त्यांच्याच ताटातली कढीची वाटी उचलली, भाताच्या मुदीवर ठेवली. ही वरची टाकी. रिकामी वाटी खाली. ही खालची. मधे गवारीची एक लांब शेंग वाकवून ठेवली. "पलीकडची बाजू लांब आहे, नाना. तिच्यातलं पाणी जड. ते खाली पडतं, म्हणून अलीकडचं ओढलं जातं."

"म्हणजे इंजिन पुढे, डबे मागे."

"हो! अगदी तसंच!"

"तसंच कसं? डब्यांना कपलिंग असतं. पाण्याला काय आहे?"

"बाहेरून हवा दाबते, नाना."

"हवा!" नानांनी तुच्छतेने शेंग उचलली आणि खाल्ली. "मला पटत नाही." मग खालच्या टाकीत भात कालवला. वरची टाकी पिऊन टाकली. "पुन्हा सांग. कढी वाढ आणि पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. तीन वाट्या कढी लागली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. नाना रोज संध्याकाळी जेवायला बसतात आणि विचारतात. मी रोज सांगते. त्यांना रोज पटत नाही. काल तर ताटावरून उठून म्हणाले, "तुझ्या कॉलेजात पोरं पास कशी होतात?" रोहित खूश आहे, डॉक्टर खूश आहेत, वजन वाढतंय. सकाळचा पेपरही नाना आता मलाच वाचून दाखवतात, मी कणीक मळत असते तेव्हा. थोडक्यात, गोटीरामचं काम माझ्याकडे आलं आहे. फरक एवढाच, की तो उलट उत्तर देत नसे. म्हणून नाना त्याच्यावर कधी चिडत नसत.